नोकरी सोडणाऱ्याचा नोटिशीचा पगार : कोणाचा हक्क किती?

डहाणूच्या बाजारात कापडाचे दुकान चालवून मला तीस वर्षे होत आली. इतक्या वर्षांत नोकर येणे आणि नोकर जाणे, दोन्ही पुष्कळ पाहिले. परंतु नोकर आपणहून काम सोडतो तेव्हा नोटिशीच्या मुदतीचा पगार त्याला द्यायचा की नाही, आणि नोटीस न देताच गेला तर त्याच्याकडून काही कापून घ्यायचे की नाही, याबद्दल आपल्या व्यापारी बांधवांत जेवढा गोंधळ आहे तेवढा जीएसटीबद्दलही नसेल. नोकरांमध्ये तर त्याहून अधिक. मालक म्हणतो, "तू सोडून चाललास, आता कसला पगार?" आणि नोकर खाली मान घालून निघून जातो.

माझ्याच दुकानातला मामला सांगतो. चूक माझी होती, म्हणून सांगायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमझानचा महिना जवळ आला होता, ईदचा माल उतरत होता. काउंटरवर सात वर्षे काम केलेला एक तरुण माझ्यासमोर चिठ्ठी घेऊन उभा राहिला. "चाचा, उंबरगावच्या जीआयडीसीत स्टोअरची नोकरी लागली आहे. आजपासून एक महिन्याने सोडतो." सीझनच्या तोंडावर असे ऐकून कोणत्या दुकानदाराचे डोके ठिकाणावर राहील? मी म्हणालो, "महिना कशाला? आजच जा. आणि या महिन्याचा हिशेब मागू नकोस."

त्याचा पगार १३,००० रुपये होता. २६ दिवसांच्या हिशेबाने रोजचे ५०० पडतात. त्या महिन्यात त्याचे बारा दिवस भरले होते, म्हणजे ६,००० रुपये त्याने कमावले होते. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या उचलीपैकी ४,००० बाकी होते. मी मनातल्या मनात ६,००० मधून ४,००० वजा केले आणि उरलेले २,००० सीझनमध्ये सोडून गेल्याचा दंड म्हणून ठेवून घेतले. त्याच्या हातात काहीच आले नाही.

डहाणूच्या कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांना मोठ्या फुशारकीने हे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "शेठ, त्याने राजीनामा कोणत्या तारखेचा दिला होता?" मी म्हणालो, एक महिन्यानंतरचा. "मग तो महिना संपेपर्यंत तो तुमचाच नोकर होता. त्याला आज घालवले ते तुम्ही. त्याने सोडले नाही, तुम्ही काढले." त्यांनी कागदावर नवा हिशेब मांडला. बारा दिवसांचे ६,०००, नोटिशीच्या महिन्याचे १३,०००, एकूण १९,०००. उचल ४,००० वजा. देणे १५,०००. मी माझ्या हिशेबाने शून्य समजत होतो तेथे पंधरा हजार निघाले. ते मी दिले, हेही सांगून टाकतो. आनंदाने दिले असे मात्र म्हणणार नाही.

राजीनामा कधी लागू होतो

राजीनामा हा शब्द आमच्या उर्दू शाळेत निराळ्याच अर्थाने शिकवला गेला. उर्दूत नोकरी सोडण्याला इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी होऊन लिहिलेला समझोता. मराठीत जमिनीच्या जुन्या कागदांत राजीनामा आणि कबुलायत अशी जोडी आढळते. एकाने जमीन सोडल्याचा कागद, दुसऱ्याने पत्करल्याचा. मराठीने हा शब्द नोकरीला लावला, तरी मूळचा अर्थ थोडा शिल्लक आहे असे मला वाटते. कारण नोटिशीच्या मुदतीत खरोखर दोन्ही बाजू बांधलेल्या असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्र यांच्या प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. प्रकरण साध्या नोकराचे नव्हते, अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांच्या राजीनाम्याचे होते. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेपर्यंत लागू होत नाही आणि तोपर्यंत देणारा तो मागे घेऊ शकतो, असे न्यायालयाने ठरवले. यातून आपल्या कामाची गोष्ट निघते. तारीख येईपर्यंत नोकरी चालू आहे, म्हणून पगारही चालू आहे. मालकाला तो माणूस नजरेसमोर नको असेल तर त्याने खुशाल घरी बसवावे, पण नोटिशीचे पैसे देऊन. दोघांनी राजीखुशीने आधीची तारीख ठरवली तर गोष्ट वेगळी. मग त्या तारखेपर्यंतचाच पगार. अशी राजीखुशी मात्र कागदावर हवी.

आणि नोटीस किती दिवसांची? याचे उत्तर पहिल्यांदा नेमणूकपत्रात शोधावे. कारखान्यांसाठी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली केंद्राने जे नमुना नियम केले होते त्यांत मासिक पगाराच्या कायम कामगारासाठी एक महिना आणि इतरांसाठी दोन आठवडे अशी मुदत होती, ती दोन्ही बाजूंना सारखी. नोटीस द्यायची नसेल तर तेवढा पगार. दुकानांच्या बाबतीत १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याचे कलम ६६ होते. वर्षभर सलग काम केलेल्या नोकराला काढायचे तर ३० दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार. तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी काम झाले असेल तर १४ दिवस. ते कलम मालकाला बांधत होते, नोकराला नव्हे. २०१७ मध्ये नवा कायदा आला आणि जुना गेला. पण आपल्या बाजारात महिन्याचा जो रिवाज दिसतो तो त्याच जुन्या गुमास्ता कायद्याची सावली आहे. नेमणूकपत्र नसेल तेथे हा रिवाजच उपयोगी पडतो, कारण करारात मुदत लिहिलेली नसेल तर वाजवी मुदत धरली जाते.

आता नवे काय आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ ही आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची. जुना १९३६ चा वेतन प्रदान कायदा मालकाने काढलेल्या माणसाचाच विचार करत होता. त्याचा कमावलेला पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यावा, असे त्यात होते. राजीनामा देणाऱ्याचे नाव त्या कलमात नव्हते. म्हणूनच "सात तारखेला ये, दहा तारखेला ये" असे म्हणून लोकांना महिनोन् महिने फिरवता येत होते. नव्या संहितेने राजीनामा देणाऱ्यालाही त्याच ओळीत बसवले आहे. काढला असो, कपातीत गेला असो, राजीनामा देऊन गेला असो किंवा कारखाना बंद पडला असो, त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. पगार कमी असो वा जास्त, दुकानात दोन माणसे असोत वा दोनशे, नियम तोच. जुन्या कायद्याची पगारमर्यादा यात नाही.

मजुराच्या घामासंबंधीची हदीस आपल्या वाचकांना मी सांगायला नको. ती ऐकून मान डोलावणारे आपण, मजुरी मात्र महिनाभर गल्ल्यात ठेवतो.

नोकर नोटीस न देता गेला तर काय, हा मालकांचा प्रश्न. येथे बारकाईने वाचावे लागते. पगारातून काय काय कापता येते याची यादी संहितेत दिलेली आहे : गैरहजेरी, मालाचे नुकसान, उचल, कर्ज, भविष्य निर्वाह निधी, कर, कोर्टाचा हुकूम वगैरे. एका पगार-मुदतीत एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. माझ्या त्या हिशेबात ६,००० मधून ४,००० उचल एकदम कापणे हेसुद्धा या मर्यादेबाहेर होते; निम्मे म्हणजे ३,०००. आता त्या यादीत नोटिशीच्या पगाराची वसुली कोठे येते? ती फक्त एका जागी येते. दहा किंवा अधिक नोकर संगनमताने, कराराप्रमाणे नोटीस न देता आणि वाजवी कारणाशिवाय कामावरून गेले, तर करारात तशी अट असल्यास प्रत्येकाचा जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार कापता येतो. ही तरतूद १९३६ च्या कायद्यातही होती आणि आता जशीच्या तशी पुढे आली आहे. संपाच्या काळातली ती भाषा आहे, हे मुंबईच्या गिरण्या पाहिलेल्यांना सांगावे लागणार नाही.

यावरून माझी समजूत अशी. एकटा नोकर नोटीस न देता गेला तर त्याने आधीच कमावलेला पगार दाबून ठेवण्याचा आधार मालकाला सहज मिळत नाही. मालकाचे खरोखर नुकसान झाले असेल आणि करारात नोटिशीऐवजी पगार देण्याची अट असेल, तर त्याने तो पैसा मागावा, न दिल्यास दावा करावा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तेथेही वाजवी भरपाईच मिळते. करारात लिहिलेला आकडा ही वरची हद्द असते, खालची नव्हे.

मालकाची बाजू कमकुवतच असते असेही नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील ही अट कायदेशीर ठरवली. पण ती सरकारी बँक, तिला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा मोठा खर्च पडतो, आणि तो अधिकारी वरच्या पगाराचा होता. हा निकाल दाखवून गल्लीतल्या दुकानदाराने पोऱ्याकडून पन्नास हजारांचा बॉण्ड लिहून घेतला तर कोर्ट त्याला तेच माप लावील, या भ्रमात राहू नये.

उलट बाजूचा निकाल एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याचा आहे. त्याने ३० दिवसांची नोटीस देऊन राजीनामा दिला, कंपनीने तो नामंजूर केला आणि देणी अडवली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा देणे हा नोकराचा हक्क आहे आणि इच्छा नसताना त्याला कामावर राहण्याची सक्ती करता येत नाही. नियमांत किंवा करारात काही अट असेल अथवा चौकशी चालू असेल तर तेवढा अपवाद. म्हणजे "मी राजीनामा मंजूरच केला नाही" हे वाक्य ऐकून कोणी घाबरू नये.

कामगारांनी एक लक्षात घ्यावे. राजीनामा दिल्यावर कपातीची नुकसानभरपाई मिळत नाही. कानपूरच्या जे. के. कॉटन मिलच्या प्रकरणात १९९० साली हे ठरले आहे : स्वतःहून दिलेला राजीनामा म्हणजे कामगारकपात नव्हे. ग्रॅच्युइटीचे मात्र तसे नाही. जेथे दहा किंवा अधिक माणसे आहेत तेथे पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. माझ्या दुकानात दहा माणसे कधीच नव्हती, म्हणून त्या मुलाची सात वर्षे ग्रॅच्युइटीशिवाय गेली. कायद्याने मी सुटलो.

उचल आणि सरहद्द

आपल्या भागात नोटिशीचा प्रश्न शहरासारखा येत नाही, हे समजून घेतले पाहिजे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि येथे मोठ्या कारखान्यांना मज्जाव झाला. फुग्यांचे कारखाने, चिकूच्या वाड्या, दुकाने, थर्मल पॉवर स्टेशन, एवढ्यावर सगळ्यांचे भागत नाही. म्हणून डहाणूचा तरुण दक्षिणेला तारापूर-बोईसरला जातो, २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून विरार-मुंबईकडेही जातो. तलासरीचा तरुण अच्छाडची हद्द ओलांडून भिलाड, सरीगाम, उंबरगाव, वापी गाठतो, कोणी सिल्वासाला. सकाळी हायवेवर टेम्पोत उभे राहून जाणारी ही पोरे ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. त्यांना नेमणूकपत्र नसते, नोटीस नसते. असते ती उचल, आणि दाबून ठेवलेला पंधरा-वीस दिवसांचा पगार. "सोडलेस तर तो गेला" हीच त्यांची नोटीस.

याच मातीत हा प्रश्न कधी जीवघेणा होता. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, अशा लोकांना येथे लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावात वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या पाठबळाने त्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, माणसे मेली, तरी वेठ संपली. काम सोडून जाता येणे हा हक्क येथे रक्त सांडून मिळाला आहे. पुढे १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. उचलीच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावले असेल तर ती वेठबिगारी, आणि असे कर्ज रद्द, असे हा कायदा म्हणतो. वीटभट्टीवाल्यांनी, ठेकेदारांनी आणि, हो, आपल्यापैकी यंत्रमागाच्या धंद्यातल्यांनीही हे नीट वाचावे. भिवंडीत पेशगी देऊन कारागीर बांधून ठेवण्याची सवय मी जवळून पाहिली आहे. दिलेली उचल पगारातून हप्त्याने वळती करता येते. उचल फिटेपर्यंत माणूस जाऊ शकत नाही, असे म्हणता येत नाही. मूळ शाळेचा दाखला किंवा आधार कार्ड पेटीत ठेवून घेणारे मालक त्याच वाटेने चालले आहेत.

हद्दीपलीकडे काम करणाऱ्याने तक्रार कोठे करायची, हे आमच्या दुकानात पुष्कळ जण विचारतात. काम जेथे केले तेथे. उंबरगाव, सरीगाम आणि वापी वलसाड जिल्ह्यात आहेत, म्हणून तेथील कामगार खात्याकडे. सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात आहे, त्याचे कार्यालय निराळे. डहाणू, तलासरी, बोईसरचा मामला पालघर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाचा. वेतन संहिता सगळीकडे एकच आहे, त्यामुळे हद्द ओलांडल्याने हक्क बदलत नाही. ठेकेदार पळाला तर कारखान्याच्या मूळ मालकाला पगार द्यावा लागतो. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. अधिकाऱ्याला मूळ रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे, आणि पगार दिला होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तेव्हा ज्या मालकाकडे सहीचा कागद नाही त्याने स्वतःला सुरक्षित समजू नये.

नोकराने राजीनामा तोंडी देऊ नये. दोन प्रती कराव्यात, शेवटचा दिवस कोणता ते स्पष्ट लिहावे, एकीवर मालकाची सही आणि तारीख घ्यावी. सही दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही पुसू नये. रागाच्या भरात "आजपासून येत नाही" असे लिहून दिले की नोटिशीच्या पगाराचा हक्क आपल्याच हाताने गेला, हेही ध्यानात ठेवावे.

व्यापारी बांधवांसाठी एक हिशेबाची गोष्ट. नोकराकडून नोटिशीपोटी किंवा बॉण्डपोटी पैसे मिळाले तर त्यावर जीएसटी लागतो की काय, याची पूर्वी भीती होती. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने तो लागत नाही, असा खुलासा केला. कोणी हिशेबनीस अठरा टक्के भरायला सांगत असेल तर त्याला हे परिपत्रक दाखवावे, क्रमांक १७८.

त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक नोकराला एक पानाचे नेमणूकपत्र देतो. त्यात नोटिशीची अट दोनच ओळींची आहे : दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन नोकरी संपवू शकेल, मालकाने मुदतीआधी कामावरून मुक्त केल्यास उरलेल्या दिवसांचा पगार देईल. उचलीची रक्कम आणि महिन्याचा हप्ता त्याच पानाखाली लिहितो आणि दोघांची सही होते. एक प्रत त्याच्याकडे, एक गल्ल्याच्या खणात. ईदच्या आधीच्या महिन्यात कोणी सोडू नये अशीही एक ओळ मी घातली होती. वकिलांनी ती खोडली.